पंचेचाळीस मिलीलिटरचं काम

टाळू दुभंगलेल्या बाळाला बाटलीनं दूध ओढता येत नाही. चोखायचं तर तोंडाची पोकळी बंद व्हावी लागते, आणि टाळूच उघडी असली की नाकातून हवा आत येते. ओठ हलतात, गाल आतबाहेर होतात, बाळ घामेजून जातं, पण बाटलीतलं दूध आहे तिथंच राहतं. जे थोडंफार घशापर्यंत जातं त्यातलंही काही नाकावाटे परत येतं. आईचं दूध असतं तरी ही अडचण राहिली असती. मी पाहिलेल्या बाळाला तर आईच नाही.

अशा बाळाला पाजायला आपल्याकडच्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असलेलं एक भांडं कामाला येतं, ते म्हणजे बोंडलं. तळहातावर मावेल एवढी वाटी आणि तिला पुढे निमुळती चोच. बारशाला चांदीचं देतात, रोजच्या वापरातलं स्टीलचं असतं. त्यात एका वेळी दहा-पंधरा मिलीलिटर दूध मावतं. मोठमोठ्या रुग्णालयांच्या नवजात विभागांतही कच्च्या, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या, बाळांना असंच चोचीचं भांडं वापरतात. दक्षिणेकडच्या परिचारिका त्याला पालडाई म्हणतात.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते अनाथ, आजारी बाळांवर धर्मादाय उपचार कसे होतात हे पाहायला. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचं हे शिशुगृह. संस्थेचं आणि बाळांचं नाव लिहीत नाही, कारण बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लेखात शस्त्रक्रिया, देणगीदार, डॉक्टर असावेत अशी अपेक्षा होती. ते सगळं या कामात आहेच. पण बाळखोलीतल्या मावशींच्या हातात मी बोंडलं पाहिलं आणि तिथून माझा पाय निघेना.

या मावशी चौदा वर्षं इथं आहेत. त्या मांडी घालून भिंतीला टेकून बसतात. टाळूबरोबर ओठही फाटलेलं बाळ जवळजवळ बसतं असावं इतकं उभं धरतात, डोकं डाव्या कोपरात. गळ्याखाली जुन्या लुगड्याचं धुवून मऊ झालेलं फडकं. बोंडल्याची चोच ओठाच्या न फाटलेल्या कडेनं आत नेऊन गालाला टेकवतात आणि इतकी किंचित तिरकी करतात की दूध आत गेलेलं दिसतही नाही. मग थांबतात. बाळ गिळतं. पुन्हा तिरकी, पुन्हा थांबा. त्यांची नजर बाळाच्या तोंडावर नसते, कपाळावर असते. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ठसका लागायच्या आधी भुवया वर जातात त्याच्या. तोंडाकडं बघत बसलं तर उशीर होतो, ताई."

एक बोंडलं संपलं की बाळाला खांद्यावर घेऊन पाठ चोळायची, कारण हे बाळ दुधाबरोबर भरपूर हवा गिळतं. ढेकर आली की पुढचं बोंडलं. हे सगळं अर्ध्या तासात उरकायचं, कारण त्याहून जास्त वेळ लागला तर जेवढं पोटात गेलं त्यातलं बरंचसं पिण्याच्या श्रमातच खर्च होतं. घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती. या दोन टोकांमधली गती मावशींच्या मनगटात आहे आणि ती शिकायला वर्षं लागतात.

हिशेब मांडून पाहिला. फाटलेला ओठ शिवायला शल्यचिकित्सक साधारण तीन दहांचा नियम पाळत आले आहेत: वय दहा आठवडे, हिमोग्लोबिन दहा ग्रॅम, वजन दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो. मावशींच्या हातातलं हे बाळ २ किलो ४०० ग्रॅमचं. किलोमागे दिवसाला दीडशे मिलीलिटर धरलं तर ३६० मिलीलिटर दूध, दर तीन तासांनी ४५. दिवसाला २५ ग्रॅम वजन वाढलं, आणि मध्ये सर्दी-जुलाबाचा एकही दिवस आला नाही, तरी साडेचार किलोला पोचायला ८४ दिवस. म्हणजे ६७२ वेळा बोंडलं घेऊन पाजायला बसायचं, त्यातही रात्रीची दोनची आणि पहाटेची पाचची पाळी आलीच. ऑपरेशनला तास-दीड तास लागतो आणि ते करणारे कसबी लोक आज आपल्याकडे आहेत. स्माइल ट्रेनसारख्या संस्था त्याचा खर्च उचलतात, सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत राखाव्या लागतात. टेबलावर घ्यायला बाळ साडेचार किलोचं व्हावं, त्यासाठीची योजना मात्र मला इथं दिसली नाही.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना त्याच्याच दवाखान्यात आणत होत्या. पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासूनचा. वारीच्या गावात सोडून दिलेली किती बाळं तिथं वाढली असतील! पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारात तर एका स्वयंसेवी संस्थेचं 'श्रीवत्स' उभं राहिलं, ते टाकलेलं बाळ आणि दवाखाना यांच्यातलं अंतरच मिटवण्यासाठी.

नुसती स्वच्छता आणि डॉक्टर पुरत नाहीत हेही जुनंच ज्ञान आहे. रेने श्पिट्झ या मनोविश्लेषकानं १९४५ मध्ये दोन ठिकाणची बाळं ताडून पाहिली. एका अनाथालयात अन्न, टापटीप, वैद्यकीय देखरेख सगळं होतं, पण एकेका दाईकडे आठ-आठ बाळं. दुसरी बाळं तुरुंगातली, पण त्यांच्या कैदी आया त्यांना रोज हाताळत होत्या. तुरुंगातली वाढली; अनाथालयातली खुरटली, त्यातली बरीच दगावली. मावशींनी श्पिट्झचं नाव ऐकलेलं नाही. पाजून झाल्यावर बाळ लगेच खाली न ठेवता त्या त्याला पाच-दहा मिनिटं छातीशी धरतात आणि गावाकडच्या भांडणांच्या गोष्टी त्याला सांगतात.

बाळ येतं तेव्हा बरोबर काहीच घेऊन येत नाही. जन्मवजन माहीत नाही, तारीख माहीत नाही. नाळेचा तुकडा ओला आहे, सुकलाय की गळून पडलाय यावरून डॉक्टर वय सांगतात. पहिल्या दिवशी द्यायचं व्हिटॅमिन के दिलेलं नसतं, हिपॅटायटिस बीची लस चुकलेली असते, नाळ कशानं कापली कोण जाणे. आईला एचआयव्ही होता का, हे विचारायला कोणी नसतं. कच्च्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायचा असतो, नाहीतर टाळता येण्यासारखं अंधत्व पदरी पडतं. पण तीस दिवस मोजायचे कधीपासून? इथल्या सिस्टरनी स्वतःपुरता नियम केला आहे: वजन दोन किलोच्या आत असेल तर आल्याच्या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला.

आईचं दूधही बाळाबरोबर येत नाही. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, पण ते आधी रुग्णालयातल्या कच्च्या, आजारी बाळांना मिळतं, आणि मिळायलाच हवं. शिशुगृहात पावडरचं दूधच येतं. म्हणून इथं पाणी उकळणं, बोंडली उकळणं, हात धुणं यात कोणी तडजोड करत नाही. बोंडली उकळायचं पातेलं दुसऱ्या कशालाही वापरलेलं दिसलं की मावशींचा आवाज चढतो, मग समोर अधीक्षक असोत.

अडचणी विचारल्या तेव्हा मला वाटलं होतं पैशाचं ऐकायला मिळेल. पैसा कमीच पडतो, पण वाढदिवसाला, पुण्यतिथीला लोक देतात. दुधाचे डबे येतात, पाळणे येतात, खेळण्यांची तर रास पडलेली असते. माणूस कोणी देत नाही. सरकारी आकृतिबंधात दहा बाळांमागे सहा आया आहेत. तीन पाळ्या धरल्या तर एका वेळी दोघी, आणि साप्ताहिक सुटी, आजारपण, सणवार वजा केले की कितीदा तरी एकच. दहांतली तीन बाळं बोंडल्यानं पिणारी असली तर दर तीन तासांतला दीड तास त्या तिघांतच जातो. उरलेल्या दीड तासात सात बाळांचं पाजणं, लंगोट, औषधं, रडणं. आणि पगार असा की जवळच्या कारखान्यात पॅकिंगचं काम निघालं की शिकून तयार झालेली मुलगी निघून जाते. तिला नावं ठेवता येत नाहीत.

एखादं बाळ हृदयाच्या ऑपरेशनसाठी मोठ्या शहरात न्यायचं ठरलं की वॉर्डात पहिला प्रश्न येतो, बाळाजवळ कोण राहणार? उपचार फुकट आहेत, खाट मिळाली आहे, सह्यांना बाल कल्याण समितीचं पत्र आहे. पण रात्रभर उशाशी बसणारं नातेवाईक माणूस लागतं, आणि ते या खोलीतूनच जातं. मागच्या पावसाळ्यात मावशी अशा एका बाळाजवळ दोन आठवडे राहिल्या. ते बाळ बरं होऊन परत आलं. त्याच दिवसांत इथल्या एकाचं वजन मात्र तिळभरही वाढलं नाही, कारण त्याला पाजणारा हात बदलला होता.

बऱ्या झालेल्या बाळांना घर मिळतं. सोडून दिलेल्या बाळाचे पालक शोधूनही सापडले नाहीत की कागद पूर्ण करून समिती त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल हवं असलेल्या जोडप्यांची रांग एवढी लांब आहे की निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. ओठ शिवून झाला की ओठावरची व्रणाची रेघ स्वीकारणारे आईबाप आता आपल्याकडेही मिळू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, अंधत्व असं काही अहवालात लिहिलेलं असलं की रांग तिथं वळतच नाही. अशातल्या काहींना परदेशातली कुटुंबं नेतात. बाकीची राहतात.

आणि राहणाऱ्यांना शिशुगृहात सहा वर्षांपर्यंतच ठेवता येतं. पुढे बालगृह, तेही अठरापर्यंत. अमरावती जिल्ह्यात वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलं आपली म्हणून वाढवली, त्यांना आपलं आडनाव लावलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नये, त्यांचं आयुष्यभराचं पुनर्वसन व्हावं, असा कायदा करा ही मागणी ते कित्येक वर्षं करत आहेत. मला ती शंभर टक्के पटते, आणि ती सहाव्या वर्षापासूनच लागू व्हावी असं वाटतं.

कारण या खोलीत एक साडेपाच वर्षांचा मुलगा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे मान धरत नाही, चावता येत नाही. मऊ भात वरणात कालवून मावशी त्याच्या जिभेच्या उजव्या बाजूला ठेवतात, हनुवटी बोटानं वर धरतात, आणि तो गिळेपर्यंत दुसरा घास उचलत नाहीत. आला तेव्हा हाडांचा सापळा होता, आता चौदा किलोचा आहे. त्याला ज्या बालगृहात हलवायचं ते दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्याच्या फाइलमध्ये निदान आहे, औषधं आहेत, लसी आहेत. भरवायचं कसं, हे सिस्टरनी मावशींना विचारून विचारून वहीच्या दोन पानांवर उतरवलं आहे. मावशींचं म्हणणं, वाचून जमायचं नाही, दाखवावं लागेल. पहिला आठवडा त्याच्याबरोबर जायला त्यांनी परवानगी मागितली आहे. अधीक्षकांची हरकत नाही. त्या आठवड्यात इथल्या तीन बाळांना बोंडल्यानं कोण पाजणार, ते अजून ठरलेलं नाही.