शेंगदाण्यातलं विष आणि सोन्याचे कण

1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचा. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. यकृताचा कर्करोग घडवणारं हे विष भाजूनही पुरतं जात नाही. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांत त्याची मर्यादा किलोमागे अवघी 4 मायक्रोग्रॅम आहे.

इतकं थोडं विष ओळखायला आता कागदी पट्टी मिळते. दाणे दळायचे, अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात घुसळून गाळायचे आणि थेंब पट्टीवर सोडायचे. पट्टीत सोन्याचे नॅनोकण असतात. इतकं बारीक सोनं पिवळं नव्हे, लाल दिसतं! कणांना विष धरणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. नमुना स्वच्छ असेल तर कण चाचणीच्या रेघेवर अडकतात आणि रेघ लाल उमटते. विष असेल तर प्रतिपिंडं आधीच गुंतलेली असतात, मग रेघ फिकी पडते. गरोदरपणाच्या चाचणीच्या अगदी उलट.

खरी मेख नमुन्यात आहे. विष पोतंभर सारखं पसरत नाही. मोजक्याच दाण्यांत साठलेलं असतं. तेव्हा पोत्याच्या वरून, मधून, तळातून भरपूर दाणे घ्या, एकत्र दळा आणि मगच पट्टी लावा.