मोगली कान्हाचा कसा झाला?

मूळ कथेत नसलेली, पण वाचकाने आपल्या मनाशी पक्की केलेली गोष्ट म्हणजे ‘हेडकॅनन’. बालाघाट व मंडला जिल्ह्यांत पसरलेले कान्हा राष्ट्रीय उद्यान हे त्याचे बोलके उदाहरण. रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मध्ये (१८९४) सिवनीच्या टेकड्या आहेत, वैनगंगा आहे, कान्हाचे नाव नाही. लेखन तर अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये झाले. वैनगंगा बालाघाटवरूनच वाहते, तेव्हा मोगली इथेही हिंडला असेल, ही कल्पना गोड आहे आणि तिला कोणी हरकत घेऊ नये. मात्र पर्यटकांना कान्हा हेच ‘मोगलीचे जंगल’ म्हणून सांगितले जाते, तेव्हा ‘असेल’चे ‘आहे’ होते. शेजारच्या सिवनीतील पेंचही तोच दावा करते. निदान सिवनीचे नाव तरी पुस्तकात सापडते.