जुनी होडी घेताना

बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात बघतो. चालवून बघतो. गाडीला जुंपून बघतो. सोबत एखादा जाणता गडी नेतो. विकणारा कितीही गोड बोलला, तरी तपासल्याशिवाय इसार देत नाही.

जुनी होडी घेताना मात्र माणसे ही रीत विसरतात. नवा रंग दिसला की भुलतात.

कोणी म्हणेल, "संगमनेरला होडीचे काय काम?" अहो, आपल्या गावाशीच प्रवरा आणि म्हाळुंगी एकमेकींना मिळतात. वर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या खाली निळवंड्याचे धरण आहे. तिकडे राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे. एवढे पाणी जवळ असले, म्हणजे मासेमारीला होडी लागते. नवी परवडत नाही. मग चौघे मिळून पैसे जमवतात आणि जुनी शोधतात.

जुनी होडी घेणे वाईट नाही. न तपासता घेणे वाईट.

होडीचे दुखणे पाण्याखाली असते. लाकडी होडी वरून धड दिसते, पण रंगाखाली फळी कुजलेली असते. समुद्रात वापरलेल्या होडीचे लाकूड किडा आतून पोखरतो. बाहेर फक्त बारीक भोके दिसतात. फायबरच्या होडीत पाणी मुरते आणि अंगावर फोड येतात. खाऱ्या पाण्याने इंजिन गंजते. रंगाचा एक हात दिला की हे सारे झाकते.

हे दुखणे ओळखणारा माणूस असतो. त्याला सर्व्हेअर म्हणतात. जमीन मोजणारा सर्व्हेअर वेगळा. हा होड्यांचा आणि जहाजांचा. तो होडी पाण्याबाहेर काढायला लावतो. लाकूड टोच्याने टोचून बघतो. फायबरवर लाकडी हातोडीने ठोकतो. धड जागी आवाज खणखणीत येतो. बिघडलेल्या जागी तो बद्द येतो. मग होडी पाण्यात घालून इंजिन चालवून बघतो. शेवटी सारे कागदावर लिहून देतो.

असा माणूस कुठे मिळेल? मुंबईला महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. तिथे चौकशी करा. बोटींचा विमा उतरवणाऱ्या कंपनीलाही विचारा. माणूस मिळाला की त्याला चार गोष्टी विचारा:

१. तुमचे शिक्षण काय? परवाना आहे का?
२. अशा जातीच्या होड्या पूर्वी तपासल्या आहेत का?
३. फी किती? अहवाल लेखी देणार ना?
४. विकणाऱ्याशी तुमचे काही नाते, काही देणेघेणे आहे का?

चौथा प्रश्न विसरू नका. विकणाऱ्याने आणलेला तपासनीस घेऊ नका. माणूस तुमचा हवा, फी तुम्ही द्या.

होडी लहान असेल, वल्ह्याची असेल, तर फी कदाचित जड वाटेल. तेव्हा निदान होड्या बांधणारा सुतार आणि एक मुरलेला मच्छीमार सोबत न्या.

इंजिनाची बोट असेल तर कागदही बघा. नद्या आणि धरणांतल्या अशा बोटींसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्यात तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे. नोंदणी कोणाच्या नावावर आहे? इंजिनाचा नंबर जुळतो का? तपासणीच्या दाखल्याची मुदत संपली तर नाही? बोटीवर कर्ज तर नाही? हे एकेक विचारा. वाचता येते, मग कागद स्वतः वाचा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

२१ मे २०२४ रोजी उजनी धरणात वादळी वाऱ्याने एक बोट उलटली. सहा जीव गेले. तपासणीने वारा थांबत नाही, हे खरे. म्हणून होडी चांगली असली तरी वादळात पाण्यात जाऊ नये. जादा माणसे बसवू नयेत. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. पण होडीच कुजकी असली, तर साध्या लाटेलाही ती टिकणार नाही.

बैल बसला तर माणूस चालत घरी येतो. भर पाण्यात होडी फुटली, तर चालायला जमीन नसते. म्हणून आधी तपासणी, मग इसार.