मैत्रिणींना जेवायला बोलवायचंय? आधी रक्कम, मग बेत



आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. मैत्रिणींना घरी जेवायला बोलवायचं, चवीचं आणि पोटभर वाढायचं, पण महिन्याचं गणित मोडू द्यायचं नाही. हे कसं जमवायचं, ते आज बोलू. यात स्वयंपाक आहे, हिशोब आहे, आणि त्याहून जास्त मानाचा प्रश्न आहे.

मानाचा कसा, ते आधी सांगते. गटातल्या एकीने पनीरची भाजी, गुलाबजाम आणि कोल्ड्रिंक असा बेत केला. पुढच्या महिन्यात दुसरीने त्याच्यावर ताण केली. तिसरीच्या घरी नवऱ्याचं कंत्राट संपलेलं, खोलीचं भाडं थकलेलं, आठवड्याचा हप्ता डोक्यावर. तिची पाळी आली की ती म्हणते, "या महिन्यात नको, सासूबाई येणार आहेत." त्याच्या पुढच्या महिन्यात ती जेवायलाच येत नाही. खाऊन यायचं आणि घालायचं नाही, हे तिच्या मनाला पटत नाही. मग हळूहळू ती बैठकीलाही येईनाशी होते. आपण म्हणतो, फार बदलली हो ती! खरं तर ती बदललेली नसते, आपला बेत तिच्या ऐपतीबाहेर गेलेला असतो.

आणि आपल्या पट्ट्यात मैत्रीण गमावणं परवडत नाही. चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे, भोसरी, तळवडे. जिथे कंपन्या आल्या तिथे बाहेरगावच्या बायाही आल्या. कुणी लातूरची, कुणी जळगावची, कुणी यवतमाळची, कुणी बिहारची. माहेर दूर, सासर दूर. रात्री पोराला ताप भरला तर रिक्षात शेजारी बसते ती मैत्रीणच. म्हणून जेवणाचा खर्च आटोक्यात ठेवणं याला चिकटपणा समजू नका. कुणाचीही पाळी चुकू नये, एवढ्यासाठी ते करायचं.

ऋण काढून पंगत नको

ही गोष्ट आपल्याकडे आधीच एका मोठ्या माणसाने सांगून ठेवली आहे. संत गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले. त्या काळी त्यांच्या समाजात बारशाला मटण आणि दारूचं जेवण घालायचा रिवाज होता. नाही घातलं तर लोक नावं ठेवायचे, म्हणून माणसं कर्ज काढून घालायची. गाडगेबाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला तो रिवाज मोडला आणि गोडाचं शाकाहारी जेवण घातलं. पुढे आयुष्यभर, 1956 साली देह ठेवेपर्यंत, ते कीर्तनातून लोकांना हेच सांगत राहिले, की ऋण काढून सण करू नका, जेवणावळी घालू नका.

यात एक बारीक गोष्ट आहे. त्यांनी लोकांना जेवू घालणं बंद केलं नाही. बेत बदलला. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. गटात एक नियम लिहूनच ठेवा: जेवणासाठी गटाचं अंतर्गत कर्ज घ्यायचं नाही, आणि हप्त्याच्या पैशाला हात लावायचा नाही.

आधी रक्कम ठरवा

आपण बहुतेकजणी उलटं करतो. आधी बेत ठरवतो, मग सामान आणतो आणि शेवटी किती झाले ते मोजतो. तोवर पैसे गेलेले असतात. त्याऐवजी रक्कम आधी ठरवा आणि ती सगळ्यांना सारखी ठेवा. समजा, बाराजणी आहात आणि प्रत्येकीने 50 रुपये काढले. झाले 600. जिची पाळी असेल तिने त्या 600 मध्येच बेत बसवायचा, पदरचं घालायचं नाही. पदरचं घातलं की स्पर्धा सुरू झालीच म्हणून समजा. 50 जास्त वाटत असतील तर 30 ठेवा आणि बेत लहान करा. आकडा महत्त्वाचा नाही, तो सगळ्यांना परवडणारा असणं महत्त्वाचं.

जेवणाचा खर्च वाढतो तो चार ठिकाणी. पहिलं, ताटातला मुख्य पदार्थ: मटण, चिकन, पनीर. दुसरं, तेल-तूप. तिसरं, तयार आणलेल्या वस्तू: मिठाई, कोल्ड्रिंक, वापरून फेकायच्या प्लेटा आणि ग्लास. आणि चौथं, उरलेलं अन्न. भाजीत दोन टोमॅटो कमी घालून काही वाचत नाही. या चार ठिकाणी लक्ष दिलं की बाकीचं आपोआप जमतं.

दिवस निवडा

आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. विजेचा सगळा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी देण्याची पद्धत पडली, त्यातून हा गुरुवार आला. जेवणाला तो सोयीचा. गुरुवारी अनेक घरांत मटण-मासे करत नाहीत, त्यामुळे सर्वांत मोठा खर्च तिथेच वाचतो आणि कुणी नावंही ठेवत नाही. काहीजणींचा त्या दिवशी उपास असतो, मार्गशीर्षात तर खूपजणींचा. तेव्हा जेवण संध्याकाळी ठेवा, म्हणजे उपास सोडूनच त्या पानावर बसतील. मात्र दुसऱ्या शिफ्टला जाणारी मैत्रीण असेल तर तिला विचारून वेळ ठरवा.

चाकणचा बाजार शनिवारचा. कांदे, बटाटे, लसूण, सुकं खोबरं तेव्हाच घेऊन ठेवा, गुरुवारपर्यंत काही होत नाही. कोथिंबीर आणि लिंबू मात्र आदल्या दिवशी. चार घरांनी मिळून दहा किलो कांदा घेतला तर किलो-किलो घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

बेत काय करायचा?

आता पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं आणि खिशाला परवडणारं काय? खेड, आंबेगाव, जुन्नरच्या बायकांकडे याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या आहे. मासवडी! नावात मासा असला तरी आत मासा नाही. आकार माशासारखा म्हणून मासवडी. बेसन, तीळ आणि सुकं खोबरं यांचा हा पदार्थ पानात आला की पनीरची आठवण कुणाला होत नाही.

भाव रोज बदलतात, म्हणून मी माप सांगते. आजचे भाव तुम्ही दुकानातून विचारून समोर लिहा. बाराजणींसाठी हे सामान पुरतं:

बेसन अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ दीडशे ग्रॅम. बाजरीचं पीठ दीड किलो, त्याच्या पंधरा-सोळा भाकरी होतात. तांदूळ पाऊण किलो. कांदे दीड किलो, लसूण, कोथिंबीर, लिंबं. तेल पाव किलो. गोडाला रवा अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, तूप शंभर ग्रॅम. मीठ-मसाला घरचा.

बेरीज ठरलेल्या रकमेच्या वर गेली तर दोन जागा आहेत. खोबरं निम्मं करून तेवढं शेंगदाण्याचं कूट घाला. आणि सांजा तेलावर भाजून तूप फक्त वरून सोडा.

मासवडी ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीळ आणि किसलेलं खोबरं वेगवेगळं भाजा. कांदा तेलावर लाल परता. त्यात लसूण, तिखट, मीठ, कोथिंबीर घालून सगळं जाडसर वाटा. हे झालं सारण. मग फोडणी करून पाणी उकळा, एक वाटी बेसनाला साधारण दोन वाट्या पाणी. बेसन हळूहळू सोडत ढवळा, गुठळी होऊ देऊ नका. झाकण ठेवून वाफ आणा. गोळा कडेने सुटला की ओल्या फडक्यावर पातळ थापा, सारण पसरा, फडक्याच्या मदतीने गुंडाळी करा आणि दाबून माशासारखा आकार द्या. गार झाल्यावर वड्या कापा. सगळं बेसन एकदम शिजवू नका. गार झालेलं पीठ थापलं जात नाही, चिरतं. दोनदा करा, एकीने ढवळायचं, दुसरीने थापायचं. उरलेल्या वाटणाचा झणझणीत पातळ रस्सा करा. वडी, रस्सा, भाकरी, भात, कांदा-लिंबू आणि सांजा. पान भरलं.

भात इंद्रायणीचा असेल तर उत्तम. हे वाण आपल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलं. पण रेशनचा तांदूळ असेल तरी लाज वाटू देऊ नका. तो स्वच्छ निवडून, अर्धा तास भिजवून, जिरं-लसणाची फोडणी देऊन करा. रश्शाबरोबर छान लागतो.

आणि आग्रह! ताटात टाकलेलं अन्न सगळ्यांत महाग पडतं. थोडं वाढा, पुन्हा विचारा. मागून घेतलं तर आनंद, जबरदस्तीने वाढलं तर नासाडी. उन्हाळ्यात भात आणि रस्सा उघड्यावर तासन् तास ठेवू नका. उरलं तर जेवणं होताच डब्यात भरून वाटून टाका.

अंगतपंगत, पण ठरवून

वर्गणी नको असेल तर दुसरा मार्ग आपल्या ओळखीचा आहे: अंगतपंगत. शाळेत डबे मांडून बसायचो, तशीच. पण न ठरवता केली की चौघी भातच घेऊन येतात आणि पाचवी दुकानातून मिठाई आणते, म्हणजे पुन्हा तीच चढाओढ. म्हणून यजमानणीने भात आणि रस्सा करायचा, आणि बाकीच्यांना एकेक पदार्थ नेमून द्यायचा. अट एकच, पदार्थ घरात केलेला हवा. सोलापूरची शेंगाचटणी आणेल, जळगावची कळण्याच्या भाकरी. बिहारची मैत्रीण लिट्टी-चोखा आणेल, त्यातलं सत्तूही आपल्या बेसनासारखं हरभऱ्याचंच. एका पंगतीत सगळ्यांची गावं येतात.

जिला सामानाचा खर्च झेपत नाही, तिने आधी येऊन भाकरी थापायच्या. पण हे चारचौघीत बोलून दाखवायचं नाही. "तुझ्या हातच्या भाकरीला तोड नाही, तू लवकर ये," एवढं म्हणावं. ते खरंही असतं. आणि प्रत्येकीने आपलं ताट-वाटी-पेला घेऊन यावं. प्लेटांचे पैसे वाचतात, भांडी घासायचा भार एकीवर पडत नाही.

वाणाचे पैसे कुठे जातात?

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आपण चाळीस-पन्नास बायकांना वाण देतो. प्लास्टिकचा डबा, चमचा, पिशवी. त्यातल्या कितीतरी वस्तू पुढच्या वर्षी दुसरीला दिल्या जातात. त्या पैशांत मैत्रिणींची दोन-तीन जेवणं होतील. आणि जेवणाचं आणखी एक बरं आहे. हळदी-कुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलावत नाहीत, कालपर्यंत गटाच्या वहीवर शेजारी सही करणारी त्या दिवशी परकी होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवांबाबतच्या जुन्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. आपल्याला ठरावाची वाट पाहायची गरज नाही. पंगतीत कपाळ बघून पान मांडत नाहीत. तिला पहिल्यांदा बोलवा.

येत्या बैठकीत दहा मिनिटं काढा आणि या चार गोष्टी ठरवा. आपल्या गटाला दर माणशी किती रक्कम परवडते? सगळ्यांत कमी कमाई असलेल्या मैत्रिणीला विचारून ती ठरवली का? पाळी कोणत्या क्रमाने लावायची, चिठ्ठी टाकून की वयाने? आणि गेल्या वर्षभरात कोण यायची बंद झाली?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर पहिल्या जेवणाचं निमंत्रण द्यायला दोघी-तिघी मिळून तिच्या घरी जा. फोनवर सांगू नका.