तीन मिनिटांची मैफल

मुंबईच्या चोरबाजारांत जुन्या तबकड्यांची चळत चाळणारा नवखा रसिक प्रथम गायकाचें नांव पाहतो. मुरलेला संग्राहक तबकडी उजेडाकडे तिरपी धरतो आणि मधल्या कागदी चकतीजवळ कोरलेला बारीक आंकडा वाचतो. ती तबकडी कोणत्या कंपनीनें, कोणत्या दौऱ्यांत, सुमारें कोणत्या सालीं भरली याचा माग त्या आंकड्यावरून लागतो. आणि तो लागल्यावांचून तिच्यांतील गाणें पुरतें ऐकूं येत नाहीं, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. ध्वनिमुद्रिका म्हणजे गाण्याचें छायाचित्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः यंत्रानें गवयाला जेवढी जागा दिली तेवढींत त्यानें बसविलेलें तें गाणें असतें. ती जागा किती अरुंद होती याची कल्पना आली, कीं तबकडीची खरखर कानाआड होते आणि आंतला माणूस दिसूं लागतो.

१९०२ सालच्या एप्रिल महिन्यांत फ्रेड गाइसबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक मिलान शहरांतील एका हॉटेलच्या खोलींत एन्रिको कारूसो या इटालियन गायकाचीं दहा गाणीं भरून घेत होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो कलकत्त्यास होता, आणि त्याच्या कर्ण्यासमोर गौहरजान गात होती. युरोपचा ऑपेरा आणि हिंदुस्थानी गायकी एकाच माणसाच्या हातून, एकाच वर्षीं मेणावर उमटलीं. गौहरजान गाणें संपतांच आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगते. आज तें ऐकून श्रोत्यास हंसूं येतें. पण कारण अगदीं साधें होतें. मेणाचे मूळ ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात व तबकड्या तेथें तयार होत. हा आवाज कोणाचा हें तेथील कारागिरांना कळावें म्हणून ती घोषणा. त्या घोषणेंत तोरा नव्हताच, असें मात्र कोणी म्हणूं नये! तबकडी ज्या लाखेची बनत असे ती लाखहि पुष्कळशी हिंदुस्थानांतूनच परदेशीं जाई. लाख येथली, गळा येथला, आणि दोहोंची गांठ पडे ती हॅनोव्हरला. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, तेव्हां हा फेरा चुकला.

त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. गवयानें पत्र्याच्या कर्ण्यापाशीं तोंड नेऊन गावयाचें. आवाजाच्या धक्क्यानें पडदा हाले व त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढी. सारें बळ गळ्याचें. तंबोऱ्याचा मंद झंकार त्या रेघेपर्यंत पोंचणें कठीण. पेटी मात्र ठसठशीत उमटे. तेव्हां जुन्या तबकडींत तंबोरा ऐकूं येत नाहीं म्हणून गवई सुराविषयीं बेफिकीर होता, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. ही अडचण सातासमुद्रांपलीकडेहि तीच होती. अमेरिकेंत १९२३ सालीं किंग ऑलिव्हरच्या जॅझ वाद्यवृंदाचें मुद्रण झालें. त्या वेळीं तरुण लुई आर्मस्ट्राँगला इतरांच्या बऱ्याच मागें उभें केलें होतें, असें सांगतात. त्याच्या वाद्याचा जोर कर्ण्याला पेलत नव्हता.

१९२५ सालीं विजेच्या साह्यानें मुद्रण सुरू झालें आणि गळ्यावरचा हा जुलूम संपला. आतां कुजबुजहि पकडतां येऊं लागली. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या तबकड्या दोन्ही काळांतील आहेत. एक आरंभींची आणि एक अखेरच्या वर्षांतली, अशा दोन लागोपाठ लावून पाहाव्या. त्यांचा नाजुक, तारेसारखा आवाज दुसरींत जसा श्वासासकट समोर येतो तसा पहिलींत येत नाहीं. गवई एकच, मधें यंत्र बदललें.

याहून फसवी गोष्ट गतीची. जुन्या तबकड्यांना सरसकट ‘७८’च्या म्हणतात, परंतु आरंभीच्या कित्येक तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेरे धरून भरलेल्या नव्हत्या. ७३-७४ फेऱ्यांची तबकडी ७८नें फिरविली तर आवाज सुमारें अर्धा स्वर वर चढतो. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनमध्यें ऐकूं येतो. तान अधिक चपळ वाटते, पुरुषाचा आवाज किंचित् बायकी होतो, आणि टीकाकार त्यावरून घराण्याचें वैशिष्ट्य सांगूं लागतात. आज फोनवर बोट टेकतांच शंभर वर्षांपूर्वींचें गाणें कानीं पडतें ही मोठीच सोय खरी. पण तें कोणत्या गतीनें उतरवून घेतलें, मूळ तबकडी कोणत्या सालची, हें बहुधा कोणी लिहीत नाहीं. १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेसारख्या मंडळींनीं हा तपशील गोळा करण्यांत जो वेळ वेंचला, त्याचें मोल येथें कळतें.

राहिला प्रश्न वेळेचा. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. मैफलींत तासभर चालणारा राग त्यांत मावणार कसा? गवयानें आलाप मुडपला, द्रुत बंदिश घेतली, दोन ताना टाकल्या आणि समेवर येऊन थांबला. रंगभूमीवर वन्समोर घेत लांबणारें बालगंधर्वांचें पदहि असेंच आंखडलें. परंतु नाटक पाहावयास न मिळालेल्या पुढच्या पिढीनें तेंच आंखडलेलें पद मूळ समजून पाठ केलें. येथें तोटाच झाला असें नाहीं. तीन मिनिटांत राग उभा करणें ही निराळीच विद्या आहे, आणि ती कांहींना मैफलीइतकी, किंबहुना अधिक, साधली.

अशा एका पदाचा धागा धरूनहि पुष्कळ दूर जातां येतें. ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाचें संगीत भास्करबुवा बखल्यांचें. बालगंधर्वांचे ते गुरु; पण १९२२ सालीं वारलेल्या बुवांची एकहि तबकडी आढळत नाहीं. बुवांनीं ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांत अल्लादिया खाँ होते. ते १९४६ पर्यंत हयात असूनहि त्यांची तबकडी निघाली नाहीं. ध्वनिमुद्रणाचें युग पुरतें भरांत असतां एवढा मोठा गवई नादरूपानें नाहींसा व्हावा, ही हळहळ जाणारी नाहीं. त्यांची गायकी आज ऐकावयाची ती शिष्यांच्या गळ्यांतून: मोगूबाई कुर्डीकरांच्या आणि केसरबाई केरकरांच्या.

केसरबाईंची एक भैरवी तर पृथ्वी सोडून गेली आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी धाडली. तिच्यासाठीं ही भैरवी सुचविली गेली, पण ती मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या धुळकट खोक्यांत तिच्या प्रती सांपडल्या. त्या सुवर्णमुद्रिकेवर बाख आणि बेथोव्हेन आहेत, चक बेरी आहे, ब्लाइंड विली जॉन्सनचें १९२७चें मुद्रण आहे, आणि १९२३ सालीं मागें उभा केलेला आर्मस्ट्राँगहि आहे. जागा तिथेंहि अपुरीच पडली. सत्तावीस रचना मावाव्या म्हणून ती तबकडी नेहमींच्या ३३⅓ ऐवजीं १६⅔ फेऱ्यांची केली, आणि भैरवीच्या वांट्याला आलीं तीं साडेतीन मिनिटें. दुसरें यान ५ सप्टेंबरला उडालें. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.