बोल्ट, गॅस आणि भरवसा

थ्री-नॉट-थ्री रायफलीचा बोल्ट उचलून मागे ओढताना हात जवळजवळ मोकळा जातो. जोर लागतो तो बोल्ट पुढे ढकलताना, कारण ही ली-एनफिल्ड बोल्ट बंद होताना कॉक होते. जर्मन माउझर ९८ची रीत उलटी. तिचा बोल्ट उघडतानाच स्प्रिंग दाबली जाते. गोळीबाराने चेंबर तापून रिकामं काडतूस घट्ट बसलं, की माउझरवाल्याला दोन्ही कष्ट एकाच उचलीत करावे लागतात. त्यात तिचा बोल्ट ९० अंश उचलायचा, ली-एनफिल्डचा सुमारे ६०. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश पायदळाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ गोळ्यांची अपेक्षा होती. ती या आखूड हालचालीच्या आणि दहा काडतुसांच्या मॅगझिनच्या बळावर.

मजबुतीत मात्र माउझर सरस. तिच्या बोल्टचे मुख्य खटके पुढे, चेंबरलगत अडकतात. शिवाय मॅगझिनमधून सुटतानाच काडतूस तिच्या बोल्टच्या पंजात येतं. ली-एनफिल्डचे खटके मागच्या बाजूला. तिथवर बोट पोचतं, चिखल पुसता येतो.

थ्री-नॉट-थ्री अडते ती बहुधा भरणीत. तिच्या काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. ती मागे राहिली, तर बोल्ट दोन्ही काडतुसं एकदम रेटतो आणि रायफल गप्प. मॅगझिन भरताना हा क्रम डोळ्यांनी पाहावाच लागतो. दुसरी गोष्ट बोल्टच्या नंबरची. दांड्यावरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळला पाहिजे. सफाईच्या वेळी शेजाऱ्याचा बोल्ट चढवला, तर तो बसेलही, पण काडतुसामागची जागा बरोबर राहील याची खात्री नाही. सफाईचं सामान रायफलीतच असतं: बटाच्या पितळी झाकणाआड पुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, आणि तेलाची कुपी.

१९६२च्या युद्धात चिनी सैनिकांच्या स्वयंचलित शस्त्रांसमोर आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते. त्यानंतर आलेल्या एसएलआरमध्ये, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलीत, हाताचं काम गॅसने घेतलं. नळीतला थोडा गॅस पिस्टन मागे ढकलतो, रिकामं काडतूस उडतं, पुढचं भरलं जातं. मॅगझिन वीस गोळ्यांचं. कॉकिंग हँडल डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात पकडीवरून हलत नाही.

पण या रायफलीलाही तिचा गॅस बेतून द्यावा लागतो. मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून ती झाडायची. बोल्ट मागे अडकून राहिला नाही, तर गॅसचा रेग्युलेटर थोडा आवळायचा आणि पुन्हा झाडायची. बोल्ट अडकायला लागला, की राखीव जोर म्हणून आणखी दोन टिचक्या. गॅस कमी पडला तर रायफल अडखळते, जास्त झाला तर सुटे भाग उगाच आपटून झिजतात.

दोन्ही रायफलींना चिखल, धूळ आणि पाऊस सारखाच भेटला. एक जास्त भरवशाची आणि दुसरी कमी, असा निकाल मला पटत नाही. थ्री-नॉट-थ्री लक्ष मागते ते काडतुसं भरताना आणि प्रत्येक गोळीला. एसएलआर ते मागते गोळीबाराआधी, रेग्युलेटर बसवताना आणि पिस्टन पुसताना. पहिलीत चूक झाली तर ती बहुधा लगेच हाताला कळते. दुसरीतला आळस ऐन गोळीबारात उघडा पडतो. म्हणून नव्या शिकाऊ मुलांना मी आधी थ्री-नॉट-थ्रीच देईन.