एकाच आकडेवारीचे दोन निकाल

लासलगाव, पिंपळगाव आणि वाशी इथले कांद्याचे भाव रोज हलतात, पण ते एकमेकांपासून फार काळ दूर राहतील असे वाटत नाही. अशा दीर्घकालीन नात्याला कोइंटिग्रेशन म्हणतात. एंगल आणि ग्रेंजर यांचा त्यावरचा गाजलेला निबंध १९८७चा.

नाती किती, हे योहानसेन यांच्या दोन कसोट्या तपासतात. समजा, एकही नाते नाही. हे गृहीत खोटे ठरले, तर ‘ट्रेस’ म्हणते, किमान एक नाते आहे. ‘कमाल आयगेनमूल्य’ कसोटीचा पर्याय मात्र नेमके एक. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरेही कधी भांडतात.

तेव्हा सोयीचा निकाल उचलू नये. लॅग (मागच्या किती दिवसांचे भाव धरायचे) आणि कल बदलून पाहावेत. नोंदी थोड्या असतील, तर ट्रेस नसलेली नातीही दाखवू शकते. शेवटी बाजाराला विचारावे: तिन्हीकडे माल मोकळा फिरत असेल, तर तीन भावांना बांधणारी दोन नाती अपेक्षित.